काठी कशी ठेवू?

माशांचं तळं
संत मिखाएलचा सण, १९५४

बोनिफास,

हे पत्र तुला कोण वाचून दाखवील, मला ठाऊक नाही. फादर म्हणाले, शहरातल्या त्या इस्पितळात आपल्या मोठ्या नदीकडची माणसं पुष्कळ आहेत, त्यांत शाळेत गेलेलं कोणी ना कोणी सापडेल. म्हणून आपल्याच बोलीत लिहिते आहे, सिस्टरांनी शिकवलेल्या अक्षरांत. जे कोणी वाचत असेल त्याला माझा नमस्कार. जरा मोठ्यानं वाचा. त्याला उजव्या कानानं कमी ऐकू येतं, पण तो ते कबूल करायचा नाही.

मी थंडीच्या खोपटावर येऊन पोचले. पेलाजीच्या ईसिदोरनं होडीनं आणून सोडलं. कुत्री, पीठ, चहा, जाळी, सगळं उतरवून झाल्यावर तो पाण्यात पाय ठेवून उभाच राहिला. म्हणाला, "मामी, आता नदी गोठेपर्यंत तुला न्यायला कोणी येऊ शकणार नाही. कळतंय ना?" मी म्हटलं, "तुझ्या जन्माच्या आधीपासून येतेय मी इथं." तो म्हणाला, "तेव्हा मामा होता." मग त्याचं त्यालाच कसंसं झालं आणि तो होडी ढकलून गेला.

अस्वलानं यंदाही खिडकी फोडली. पिठाच्या जुन्या डब्यावर दातांच्या खुणा आहेत, पण डबा काही त्याला उघडता आला नाही. तू असतास तर तासभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास. मी नुसतं झाडून घेतलं. केर काढताना खोपटात केरसुणीचा आवाज एवढा मोठा होतो, हे मला माहीत नव्हतं.

जाळ्यात मासे भरपूर आहेत. कुत्र्यांपुरते सुकवून वर टांगते आहे. कुत्री मजेत आहेत. नोआरो तुझ्या खाटेखालीच झोपतो, बाहेर घातला तरी परत येतो. तळ्याच्या कडेला सकाळी पापुद्र्यासारखा बर्फ दिसतो, दुपारी विरघळतो.

पेलाजी बरी आहे. तुझी आठवण काढत असते.

एकच विचारते. पाण्यावर उतरलेल्या त्या विमानात चढताना तू मागे वळून पाहिलं नाहीस. कदाचित पाहिलंही असशील. पंख्याच्या वाऱ्यानं पाणी फार उडत होतं आणि मी डोळे मिटले होते. एवढं कोणाकडून तरी लिहून कळव. बाकी काही विचारत नाही.

तुझी
फिलोमेन


माशांचं तळं
डिसेंबर, नाताळच्या आधी

बोनिफास,

ईसिदोर नाताळसाठी मला वस्तीवर न्यायला आला आहे. सकाळी निघायचं म्हणून घाईनं लिहिते. तो बाहेर कुत्र्यांशी भांडतो आहे. मी त्याला विचारलं, नदी गोठल्यावर तू नेलेल्या माझ्या पत्राचं उत्तर आलंय का रे? म्हणाला, "मामी, मामाला लिहिता कुठं येतं?" जसं काही मला माहीतच नाही. मी म्हटलं, "अरे, तोंड तर आहे ना?" तर म्हणतो, "मामाच्या तोंडाचा तुला कधी काही उपयोग झाला होता का?" आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसले.

मार्टेनची कातडी यंदा बरी मिळतायत. मी सापळे लावत जळक्या झाडांपर्यंत जाते. तिथून जी वाट डोंगराकडे फुटते ती तुझी. ती तशीच राहू दे. वाकड्या स्प्रूसच्या झाडाखालच्या सापळ्यात एक लिंक्स मिळाला, चांगला मोठा रानबोका. कातडं तुझ्याइतकं सफाईनं निघालं नाही, डोळ्यापाशी चिरलं. ताणून फळीवर लावलं आहे. येताजाता त्याची ती चिरलेली पापणी माझ्याकडे बघते.

कुत्री मजेत आहेत. ओढ्याच्या तोंडाशी माझा पाय जरा भिजला होता, आता बरा आहे. पायाचं एक बोट तेवढं काळं पडलं. बोटं काय, पुष्कळ आहेत.

आता जुलैचं लिहिते. न लिहून ते काही जात नाही.

कॉन्व्हेंटात आम्हाला घरी पत्र लिहायची परवानगी क्वचितच मिळायची, आणि ते सिस्टर वाचून मगच पाठवायच्या. त्यामुळे तिसऱ्याच कोणाच्या डोळ्यांखालून जाणारं पत्र कसं लिहायचं, हे मला चांगलं येतं. हवामान लिहायचं, तब्येत लिहायची, देवाचे आभार मानायचे. पण माझी बावन्न वर्षं झाली बोनिफास, आता मला तसं लिहायचं नाही. वाचणाऱ्यानं कान झाकून घ्यावेत.

बोट वस्तीला लागली. छातीच्या आतला फोटो काढणारं यंत्र तिच्यावर होतं. सगळी वस्ती रांगेत उभी राहिली. तू म्हणालास, "मला जाळी बघायची आहेत," आणि होडीकडे निघालास. मी तुझी बाही धरली. सगळ्यांच्या समोर धरली. तू म्हणालास, "सोड, लोक बघतायत." मी सोडली नाही. मग तू लहान मुलासारखा रांगेत उभा राहिलास आणि माझ्याशी बोलायचा थांबलास. फोटोत जे दिसायचं ते दिसलं, आणि संध्याकाळी विमान आलं. तुझा चाकूसुद्धा घ्यायला तुला घरी येऊ दिलं नाही.

रात्री खोकला आला की तू ब्लँकेट तोंडावर दाबायचास. मला वाटतं, तुला वाटायचं मी झोपले आहे. पण ते ब्लँकेट नदीवर नेऊन धुणारी मीच होते ना?

ती बोट परत आली तरी मी तुझी बाही धरीन. तू रागावला आहेस, तर असू दे. रागावलेला माणूस जिवंत तरी असतो.

मोकासिनचा जोड पाठवते आहे. मूस हरणाचं कातडं मीच कमावलं, कुजक्या लाकडाचा धूर बरेच दिवस दिला. वर रेशमी धाग्याची फुलं काढली आहेत, सिस्टर आन्येसनी शिकवलेली. तुला फुलं आवडत नाहीत, माहीत आहे. खाटेवर पडून राहायचं असलं, तरी पायांना घरचं काहीतरी असावं.

तुझी
फिलोमेन


मिशनची वस्ती
तीन राजांचा सण, १९५५

बोनिफास,

आधी युलालीला.

युलाली, तुझी चार ओळींची चिठ्ठी मला नाताळच्या मिस्सेनंतर फादरांनी दिली. तू बायकांच्या वॉर्डातली, वरच्या नदीची, आणि आता हिंडायची परवानगी मिळाली म्हणून पुस्तकांची गाडी घेऊन पुरुषांच्या वॉर्डात जातेस, हे कळलं. देव तुझं भलं करो. तुझं अक्षर बघून कळलं, की तुलाही सिस्टरांनी पट्टीनंच शिकवलंय.

तू लिहिलं आहेस, 'मी वाचते तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. काही बोलत नाहीत. झोपलेत असं वाटतं, पण झोपलेले नसतात.' पोरी, तू खरं लिहिलंस, हे बरं केलंस. मी ती चिठ्ठी देवळाच्या पायरीवर उभी राहून वाचली. पेलाजी शेजारून गेली. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बोनिफास, पेलाजी बरी आहे असं मी लिहिलं होतं. ती बरी आहे, पण माझ्याशी बोलत नाही. जुलैपासून नाही. विमान गेल्यावर सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, "शाळेवालीनं माझा भाऊ गोऱ्यांच्या हाती दिला." मी उलट बोलले नाही. तुझी थोरली बहीण आहे, आणि ससा सोलायला मला तिनंच शिकवलं. नाताळच्या दिवशी तिच्याकडे बॅनॉकची भाकरी घेऊन गेले, तर तिनं ती घेतली आणि दार लावून घेतलं. ताट मात्र दुसऱ्या दिवशी ईसिदोरच्या हाती धुऊन परत पाठवलं. त्यात सुक्या मांसाचा एक तुकडा होता. रिकामं ताट परत करायचं नाही, एवढी रीत तिनं पाळली.

युलाली, पुढचा परिच्छेद त्याला वाचून दाखवू नकोस. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून तुला सांगते. नोआरो गेला. गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांतला आमचा पुढचा कुत्रा, त्यानं पिल्लापासून वाढवलेला. ओढ्याच्या तोंडाशी बर्फाखाली पाणी वाहत होतं, मला ते ओळखता आलं नाही. नोआरो थांबला होता, मागे वळून माझ्याकडे बघतही होता. मीच त्याला 'चल' म्हटलं. तो आत गेला, आणि बाकीचे त्याच्यामागे ओढले जायला लागले. मी चाकू काढला आणि नोआरोला गाडीशी बांधणारा पट्टा कापला. बोनिफासचाच चाकू. घरी आल्यावर मी कितीतरी वेळ खाटेखाली वाकून बघत होते. हे त्याला कळता कामा नये. आता इथून पुढे वाच.

बोनिफास, काल ईसिदोरच्या बायकोनं मला विचारलं, "मामी, तुम्ही कॉन्व्हेंटातून आलात तेव्हा तुम्हाला खरंच काही येत नव्हतं?" मी म्हटलं, येत होतं की. लॅटिनमधली गाणी येत होती. टेबलक्लॉथला कड घालता येत होती. मग मी त्यांना ती काठीची गोष्ट सांगितली, आणि सगळे पोट धरून हसले. युलाली, तुलाही सांगते. म्हणजे त्यालाही परत ऐकायला मिळेल.

लग्नानंतरची पहिली थंडी. हा पुढे बर्फजोड्यांनी वाट तुडवत जायचा, मी मागून कुत्र्यांची गाडी घेऊन. जिथं वाट फुटते तिथं हा माझ्यासाठी काठी रोवून ठेवायचा. काठी सरळ उभी असेल तर तिथंच थांब, मी परत तुझ्याकडे येतो. एखाद्या वाटेकडे झुकलेली असेल तर मी या वाटेनं गेलोय, मागून ये. आणि फार झुकलेली, बर्फाला टेकायला आलेली असेल तर मी लांब गेलोय, घाई करू नकोस, शेकोटी कर, झोप, मग ये. आमच्याकडे हे पोरासोरांना येतं. मला येत नव्हतं. मी जळक्या झाडांपाशी पोचले, थंडीनं दात वाजत होते, आणि बघते तर समोर एक छान कोरडी काठी. मी ती उपटली, मोडली आणि शेकोटीत घातली.

हा परत आला. शेकोटीकडे बघितलं, बर्फातल्या त्या भोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "सिस्टर, तुमच्या शाळेत पत्र वाचायच्या आधीच जाळतात का?"

तेव्हापासून मी 'सिस्टर'. रागावला की सिस्टर, लाडात आला की सिस्टर. जुलैपासून मला कोणी सिस्टर म्हटलेलं नाही.

उद्या तळ्यावर परत निघते.

फिलोमेन


माशांचं तळं
मेणबत्त्यांचा सण, फेब्रुवारी

बोनिफास,

ईसिदोर सापळे बघत इकडे आला होता. परत जाताना हे पत्र घेऊन जाईल. तो माझा चहा पीत बसला आहे आणि दर वेळी मान वळवून तुझ्या खाटेखाली बघतो. मग परत चहा पितो.

थंडी अशी पडली आहे, की झाडांचे बुंधे आवाज करत फुटतात. मी ठराविक कामं करते. सकाळी बर्फातलं जाळ्याचं भोक कुऱ्हाडीनं मोकळं करायचं, मासे काढायचे, फास बघायचे, लाकडं आत आणायची. दुपारी कातडी ताणायची. संध्याकाळी जपमाळ, तीसुद्धा मोठ्यानं, कारण नाहीतर दिवसभरात माझा आवाज फक्त कुत्र्यांनाच ऐकू येतो. तुझी वाटी मी रोज पुसून ठेवते. पूर्वी ती खरकटी असायची म्हणून ओरडायचे. आता ती स्वच्छ असते, आणि मला त्याचाच राग येतो.

लोक मला विचारतात, वसंतात पाणी मोकळं झालं की वस्तीवर राहायला येणार का? मिशनच्या मागे एक खोली रिकामी आहे. फादरांना शिवणकाम करणारी बाई हवी आहे. माझं वयही झालं, बोट गेलं, ओढा ओळखता आला नाही. (हे शेवटचं वाचू नकोस, युलाली.) सगळे म्हणतात ते बरोबरच आहे. पण मी खोपट बंद करून गेले, आणि तू आलास तर? तू काय, सरळ विमानातून उतरून वस्तीत पाच मिनिटं थांबणार नाहीस, इथंच येशील. धुराडं थंड असेल. लाकडाची रास नसेल. माणसाला वाटेल, आपलं कोणी वाट बघत नव्हतं.

म्हणून मला आता तुझ्याकडून काहीतरी हवं आहे, बोनिफास. शब्द नकोत. तू रागावला आहेस, मी बाही धरली, ती मी सोडणारही नव्हते. हे सगळं बोलून झालं. आता एवढंच सांग, काठी कशी ठेवू? सरळ उभी म्हणालास तर मी इथंच थांबेन, कितीही थंड्या जावोत. कोणी काही म्हणो. मला फक्त कळायला हवं.

युलाली, त्याच्या हातात एक पेन्सिल दे. त्याला अक्षरं येत नाहीत, पण काठी येते. तो घेणार नाही. तू ती त्याच्या उशीपाशी ठेवून निघून जा. मासा गळाला लावायचा तर गळाकडे टक लावून बघत बसायचं नाही, हे मला त्यानंच शिकवलंय.

फिलोमेन


माशांचं तळं
ईस्टरनंतरचा सोमवार

प्रिय युलाली,

हे पत्र तुलाच आहे. आता कोणाला मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही.

तुझं पत्र पोचलं. ते कसं पोचलं, ते आधी सांगते.

मी तळ्यावर जाळ्याच्या भोकापाशी होते. बर्फ आता वरून भुसभुशीत झालाय, ऊन लागलं की डोळ्यांपुढे पांढरं होतं. तर पलीकडच्या काठावर दोन माणसं दिसली. एक ईसिदोर, चालीवरून ओळखला. मागे दुसरं, बुटकं, वाकलेलं, बर्फजोड्यांवर बदकासारखं डुलत येणारं. पेलाजी. सत्तरीची बाई, वस्तीपासून चालत आली होती. तिला बघितलं आणि मला कळलं. चांगली बातमी असती तर ती ईसिदोरच्या हाती पाठवली असती. वाईट बातमी घेऊन मात्र ती स्वतःच येणार. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

मी जागची हलले नाही. हातात मासा होता, तो वळवळत होता. ती जवळ आली, दम खाल्ला, आणि नऊ महिन्यांत माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. म्हणाली, "मासा टाक खाली. गोठेल हात."

मग ती म्हणाली, "संत जोसेफच्या दिवशी."

आम्ही आत गेलो. ईसिदोरनं चूल पेटवली. फादरांकडे इस्पितळाचा टाइप केलेला कागद आला होता, तो त्यानं मला दिला. त्यात होतं की तिकडेच पुरलं आहे. रीतसर, धर्मगुरूसमोर. कुठल्या बाजूला, ते नव्हतं. पेलाजी खाटेवर बसून पुढेमागे डुलत होती. म्हणाली, "एवढ्या लांब. सपाट मुलखात. तिथं एक डोंगर नाही, नदी कुठली कुठं वाहते कोण जाणे. कसा शोधील तो वाट? आणि पायात काय होतं त्याच्या? गोरे लोक माणसाला अनवाणी पुरतात म्हणे. अनवाणी कसा येईल?"

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या पायात नवे मोकासिन घालतात. तुमच्या नदीकडेही घालत असतील, नाहीतर तू ते केलं नसतंस.

तेव्हा ईसिदोरनं तुझं पत्र काढलं. मी ते दोघांना वाचून दाखवलं. माझंच पत्र कोणीतरी मोठ्यानं वाचावं तसं वाटत होतं. तू लिहिलं आहेस की मोकासिन त्यानं कधी पायात घातले नाहीत, उशीखाली ठेवले. धुराच्या वासासाठी. वॉर्डातले आपल्याकडचे सगळे म्हातारे एकेक करून त्याच्या खाटेपाशी यायचे आणि वास घेऊन जायचे. नर्सनं ते धुवायला नेले तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्यानं ओरडला. इथं पेलाजी म्हणाली, "मग! भाऊ कुणाचा?" आणि शेवटी तू ते त्याच्या पायांत घातलेस. नर्स म्हणाली, याची काही गरज नाही. तू म्हणालीस, आहे. युलाली, पोरी, तू म्हणालीस, आहे.

पेलाजीनं डुलायचं थांबवलं. म्हणाली, "परत वाच तेवढं." मी परत वाचलं.

मग नोआरोचं. मी तुला वाचू नकोस म्हटलं होतं. तू लिहिलंस की तू तो परिच्छेद गाळलास तेव्हा तो पहिल्यांदाच भिंतीकडून तुझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मधलं काय खाल्लंस? वाच. मागच्या पत्रात तिनं नोआरोचं नावच घेतलं नव्हतं. तेव्हाच कळलं मला." म्हणजे तो सगळी पत्रं ऐकत होता. शब्द न् शब्द ऐकत होता, मी काय लिहिलं नाही तेसुद्धा. आणि तू पट्टा कापल्याचं वाचलंस तेव्हा म्हणाला, "शहाणी आहे. मीच कापला असता."

ईसिदोर उठून बाहेर गेला. लाकडं आणतो म्हणाला. लाकडं आतच होती.

शेवटी तो कागद. तू लिहिलंस, पेन्सिल त्यानं दोन आठवडे हातात घेतली नाही, मग एका सकाळी चित्र तयार होतं. 'मला काही कळलं नाही, नदीसारखी एक रेघ आहे, काही झाडं, एक तिरकी रेघ. त्यांनी एवढंच सांगितलं, की हे तिला दे, ती वाचील. आणि म्हणावं, सिस्टर, या वेळी वाचायच्या आधी जाळू नकोस.'

तुला कळलं नाही, म्हणून सांगते. ती वाकडी रेघ म्हणजे आमचा ओढा. बिनफांद्यांची उभी झाडं म्हणजे जळकी झाडं, जिथं वाट फुटते. उजवीकडे डोंगर, म्हणजे त्याची वाट. डावीकडे हे तळं आणि खोपट. धुराडंसुद्धा काढलंय त्यानं, आणि त्यातून धूर. आणि मध्ये काठी. मी सरळ उभ्या काठीची वाट बघत होते. थांब, येतो. मला तेवढंच ऐकायचं होतं. काठी उभी नव्हती. ती खोपटाकडे झुकलेली होती, इतकी झुकलेली की जवळजवळ बर्फाला टेकली होती.

मी कागद पेलाजीच्या हातात दिला. तिनं तो खिडकीकडे धरला, लांब केला, जवळ केला. म्हणाली, "घरी गेलाय." मग म्हणाली, "लांबून येतोय म्हणून काठी आडवी. घाई करू नकोस म्हणतोय तुला. शेकोटी कर, झोप, मग ये." आणि मग तिनं तो कागद मांडीवर ठेवला, आणि तिच्या रडण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "त्याला तेव्हा मीच रांगेत ढकलायला हवं होतं. मलाही ऐकू यायचा तो खोकला." मी म्हटलं, "जाऊ दे." आणि खरंच जाऊ दिलं.

आज सकाळी आम्ही बाहेर मोठी शेकोटी केली. रीत आहे तशी. त्याचं काही मागे ठेवायचं नाही, नाहीतर त्याचं मन इथंच अडकतं. पेलाजीनं आणलेलं सुकं मांस पहिल्यांदा आगीला दिलं, चहा दिला, तंबाखू दिली. मग त्याचा कोट. त्याची टोपी. ते ब्लँकेट. सिस्टर आन्येसनी मला असल्या गोष्टींसाठी गुडघ्यांवर उभं केलं असतं. पण मी जपमाळही म्हटली. देवाला दोन्ही चालत असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे.

शेवटी माझ्या हातात तो कागद राहिला. पेलाजीनं तो बघितला आणि तळ्याकडे तोंड फिरवलं. म्हणाली, "ठेवायचा असला तर ठेव. माझे डोळे अधू झालेत. मला काही दिसत नाही."

तिनं माझ्यासाठी रीत मोडायची तयारी दाखवली, युलाली. पेलाजीनं. मी कागद परत एकदा बघितला. ओढा, झाडं, धूर, काठी.

मी म्हटलं, "वाचून झालाय," आणि आगीत घातला.

तो पटकन जळला. पातळ होता.

मी वस्तीवर राहायला जाणार नाही. फादरांना दुसरी बाई मिळेल. पेलाजी म्हणते आहे की ती पाणी मोकळं होईपर्यंत इथं राहील. मी जनावरांची कातडी कशी सोलते, ते तिला बघवत नाही म्हणे. लिंक्सची ती चिरलेली पापणी बघून तिनं कपाळाला हात लावला. ईसिदोर निघाला आहे, हे पत्र घेऊन. तू बरी होऊन घरी निघशील तेव्हा विमान आमच्या वस्तीवर थांबतंच. खाली उतर. तुझ्या पायाचं माप कळव. फुलं घालून मोकासिन करते, तुला आवडतात की नाही ते विचारणार नाही.

आता आवरतं घेते. बाहेर लाकूड फोडल्याचा आवाज येतो आहे. सत्तरीची बाई कुऱ्हाड चालवते आहे आणि दारातून मला ओरडून विचारते आहे,

"सिस्टर, चहा टाकतेस की तोही मीच टाकू?"

तुझी
फिलोमेन